विरंगुळ्याचे शिक्षण म्हणजे चोचले नव्हेत

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात करिअरच्या पानावर पालकांनी मुलांना ज्या पदव्यांपासून दूर ठेवावे अशा पदव्यांची यादी आली आहे. तीत मनोरंजन आणि विरंगुळा या विषयाच्या पदवीला 'श्रीमंत देशांचे चोचले' म्हणून शेवटचे स्थान दिलेले वाचून मी दिवसभर अस्वस्थ होते. लेखकाने या विषयाचा अभ्यासक्रम उघडून पाहिला असता, तर तो शब्द त्यांच्या लेखणीतून उतरला नसता, असे मला मनापासून वाटते. मी तीस वर्षे माध्यमिक शाळेत शिकवले आहे आणि मुलांनी काय शिकावे याविषयी पालकांशी वाद घालण्यात माझे बरेच आयुष्य गेले आहे. पण हे पत्र मी शिक्षिका म्हणून लिहीत नसून माझ्या आईची मुलगी म्हणून लिहीत आहे.

माझ्या आईला अर्धांगाचा झटका आला, तेव्हा तिची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. घरी एकटीने तिचे सारे करणे मला शक्य नव्हते, म्हणून तिला एका शुश्रूषागृहात ठेवावे लागले. तिथे स्वच्छता होती, जेवण वेळेवर होते, औषधे चुकत नव्हती. आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपिस्ट येऊन तिच्या हातात रबरी चेंडू देत आणि तो दाबायला सांगत, आणि ती तो पलंगाखाली टाकून देई. उरलेला सगळा दिवस भिंतीवरचा टीव्ही चालू असे. चार महिने माझ्या आईने त्या टीव्हीखालच्या कोऱ्या भिंतीकडे पाहत काढले.

माझा भाचा त्या सुमारास कॅनडाहून नेमकी हीच पदवी घेऊन परतला होता. आजीला भेटायला आला तेव्हा पहिले दोन दिवस त्याने तिच्यासाठी काहीच केले नाही; तो नुसता तिच्याजवळ बसून राहिला आणि मला प्रश्न विचारत राहिला. दुपारचे जेवण झाल्यावर ती काय करायची, कोणाबरोबर बसायची, धालोंना, म्हणजे पौषातल्या रात्री बायका जमून गातात-नाचतात त्या खेळाला, जायची का, केस कोणत्या हाताने विंचरायची, कोणत्या गोष्टीवरून चिडायची, असले ते प्रश्न होते आणि उत्तरे तो वहीत लिहून घेत होता. तेव्हा मीही वैतागून त्याला म्हटले होते की, अरे, एवढे शिकून आलास तर तिच्या हाताचे काहीतरी बघ.

तिसऱ्या दिवशी तो फोंड्याच्या बाजारातून केळीच्या पानात बांधलेली आबोली आणि पाण्यात भिजवलेला केळीच्या सोपटाचा दोरा घेऊन आला. दोऱ्याचे एक टोक त्याने पलंगाच्या दांडीला बांधले आणि आईच्या समोर बसून फाती, म्हणजे दोऱ्यात फुले गुंफून करतात तो आमच्याकडचा गजरा, करायला घेतली. त्याला ती येत नव्हती. फुले वेडीवाकडी बसत होती, देठ बाहेर राहत होते, दोरा सैल पडत होता. आई बराच वेळ पाहत राहिली आणि मग डाव्या हाताने त्याच्या हातातला दोरा ओढून घेऊन म्हणाली, "तशें न्हय."

चार महिन्यांनंतरचे तिचे ते पहिले शब्द होते. मी दारात उभी होते आणि हातातली थर्मासची पिशवी मी कधी खाली ठेवली हे मला आजही आठवत नाही.

संपादक महोदय, त्यानंतर जे झाले त्याला 'वेळ घालवणे' म्हणता येत नाही. भाच्याने फुलांची वाटी तिच्या उजव्या बाजूला ठेवायला सुरुवात केली, म्हणजे फूल उचलायचे तर तो हात हलवावाच लागेल. दर दोन दिवसांनी तो ती वाटी दोन बोटे लांब सरकवायचा. किती वेळात किती फुले झाली, कोणत्या बोटांनी धरली, कधी थकली, कधी रागावली, याची नोंद रोजच्या रोज वहीत होत होती. पहिल्या दिवशी वीस मिनिटांत चार फुले झाली होती. वहीतली पाने त्याने फिजिओथेरपिस्टना दाखवली आणि त्या सज्जन बाईंनी चेंडू बाजूला ठेवून आपले व्यायाम त्या फुलांभोवती बसवून दिले. पाचव्या आठवड्यात वीतभर लांबीची फाती झाली आणि ती खोलीतल्या देवीच्या तसबिरीला घातली. आईचा हात पूर्ण बरा झाला असा माझा दावा नाही. तो झाला नाही. पण ब्लाऊजचे बटण ती पुन्हा स्वतः लावू लागली आणि टीव्ही बंद करा असे खुणेने सांगू लागली. ज्याच्या घरी असे माणूस पडून असेल, त्याला या दोन गोष्टींचे मोल मी सांगायला नको.

आधी माणसाची पारख, मग आखणी, मग अंमलबजावणी आणि पुन्हा मोजमाप, ही त्या विषयाची पद्धत आहे हे मला नंतर त्यानेच समजावून सांगितले. उत्तर अमेरिकेत रुग्णालयांत आणि वृद्धांच्या निवासांत हे काम करणाऱ्यांसाठी 'सर्टिफाइड थेरप्युटिक रिक्रिएशन स्पेशालिस्ट', म्हणजे विरंगुळ्यातून उपचार करणारा प्रमाणित तज्ज्ञ, अशी मान्यता असते. ती देणारी परिषद १९८१ पासून काम करीत आहे. पदवीच्या मार्गाने जाणाऱ्याला त्यासाठी सलग किमान चौदा आठवडे आणि किमान ५६० तास मान्यताप्राप्त व्यक्तीच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते आणि मग परीक्षा द्यावी लागते. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. अमेरिकेत मुलांच्या क्रीडांगणांसाठीची राष्ट्रीय संघटना १९०६ साली स्थापन झाली आणि १९२६ पर्यंत या कामासाठी पदवीधरांना शिकवणारी वेगळी शाळाही निघाली होती. शंभर वर्षांचा विषय हे कालचे फॅड कसे ठरते?

लेखकांचे एक म्हणणे मला मान्य आहे, आणि ते मान्य न करणे अप्रामाणिकपणाचे होईल. या क्षेत्रात पैसा फार नाही. नगरपालिकांच्या केंद्रांतून, उन्हाळी शिबिरांतून, उद्यानांतून मिळणाऱ्या कामांपैकी पुष्कळशी तिकडेही हंगामी किंवा अर्धवेळ असतात. परंतु पगार बेताचा असणे वेगळे आणि काम निरर्थक असणे वेगळे, आणि कालच्या लेखात या दोहोंची सरमिसळ झाली आहे. शाळामास्तरांचा पगारही एके काळी बेताचाच होता.

हे सारे गोव्यातल्या वर्तमानपत्राने छापावे याचे मला अधिक वाईट वाटले. परक्यांच्या सुट्टीवर ज्या भूमीतली हजारो घरे चालतात, तिथे सुट्टीचा, खेळाचा, विसाव्याचा अभ्यास करणाऱ्याला आपण नालायक ठरवतो. आपल्या किनाऱ्यावरील मोठ्या हॉटेलांत 'रिक्रिएशन मॅनेजर' हे पद असते. पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतील जलक्रीडेची राष्ट्रीय संस्था आपल्या गोव्यातच आहे आणि तिथे जीवरक्षणाचे व बोट चालवण्याचे अभ्यासक्रम शिकवले जातात. आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांतले तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे, प्रवासी जहाजांवर स्वयंपाकी किंवा स्टुअर्ड म्हणून आयुष्य काढून आले. त्याच जहाजावर प्रवाशांच्या करमणुकीचा सगळा विभाग सांभाळणारा क्रूझ डायरेक्टर असतो, आणि त्या जागेसाठी आपला मुलगा तयार व्हावा असे त्यांच्यापैकी कोणाला कधी कोणी सुचवले नाही. २०२३ मध्ये आपण ३७ वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा भरवली. स्पर्धा संपल्यावर अशी मैदाने आणि सभागृहे आजूबाजूच्या मुलांसाठी, बायकांसाठी, म्हाताऱ्यांसाठी वर्षभर कशी चालती ठेवायची, हासुद्धा याच विद्याशाखेचा प्रश्न आहे.

भाच्याला गोव्यातच राहायचे होते. ज्या शुश्रूषागृहात त्याने आजीला बोलते केले, तिथल्याच व्यवस्थापकांना तो भेटला आणि उरलेल्या बावीस जणांसाठी काम करण्याची तयारी त्याने दाखवली. त्यांनी त्याचे मनापासून कौतुक केले आणि सांगितले की असे पद आमच्याकडे नाही, सेवा म्हणून रविवारी येत जा. एका कार्यालयात त्याच्या अर्जावरील विषयाचा रकाना कोणत्या शब्दाने भरायचा यावर तीन खेपा झाल्या. तिथल्या कर्मचाऱ्याने त्याला विचारले की तुम्ही पीटीचे शिक्षक की नाटकवाले, आणि दोन्ही नसाल तर तुमची फाईल कोणाकडे पाठवायची ते तुम्हीच सांगा. आठ महिने वाट पाहून तो परत गेला. आज तो तिकडच्या एका वृद्धनिवासात काम करतो आणि तिथल्या आजी-आजोबांना बोलते करतो. आई मागच्या पौषात वारली. शेवटच्या वर्षात तिच्या वाटीत फुले घालणारे कोणी नव्हते. मी प्रयत्न केला, पण ती वाटी किती आणि कधी सरकवायची हे मला कळत नव्हते.

जाता जाता, याच विषयातली आणखी एक गोष्ट आपल्या निदर्शनास आणते. आमच्या प्रभागातील बालोद्यानाचे फाटक दुपारी बारा ते चार कुलूपबंद असते आणि संध्याकाळी अंधार पडायच्या आत पुन्हा बंद होते. शाळा सुटलेली मुले त्या वेळात रस्त्यावर खेळतात. दोन झोपाळ्यांच्या साखळ्या चतुर्थीपासून तुटलेल्या आहेत. मी तीन ठिकाणी विचारले, तेव्हा बागेची झाडे एका खात्याची, कुलूप दुसऱ्याचे आणि झोपाळे कंत्राटदाराचे, असे उत्तर मिळाले; मुले तिथे खेळतात की नाही हे पाहणे कोणाचेच काम नव्हते. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेतील ३१ व्या कलमाने मुलांना विश्रांतीचा आणि खेळाचा हक्क दिला आहे आणि भारताने ती संहिता १९९२ सालीच स्वीकारली आहे. तो हक्क कुलपाआड राहू नये म्हणून जे शिकलेले माणूस लागते, त्याच्याच पदवीवर काल आपण काट मारलीत.

करिअरच्या त्याच पानावर येत्या आठवड्यात लेखाचा उत्तरार्ध येणार असल्याचे छापले आहे. त्यात ही पदवी यादीतून काढावी, किंवा निदान ती शिकलेल्या एखाद्या व्यक्तीला चार ओळी लिहू द्याव्यात, अशी विनंती आहे. माझ्या भाच्याशी मी बोलले आहे. लिहायला तो तयार आहे. आईची ती वही माझ्याजवळ आहे. आपल्या लेखकांना ती पाहायची असल्यास मी स्वतः आपल्या पणजीच्या कार्यालयात घेऊन येईन.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, फोंडा