ती ‘शेवटची’ मूळ संख्या नाहीये

संपादक साहेब, नमस्कार.

मी चाळीसगावला दहावीच्या पोरांचे क्लासेस घेतो. परवा आपल्या पेपरात मोठ्या मूळ संख्येवर चौकट आली, गणिताला जागा दिली म्हणून खरंच बरं वाटलं, पण हेडिंगमध्ये ‘शेवटची’ मूळ संख्या असं छापलंय ते साफ चूक आहे आणि पोरं ती चौकट कापून वहीत चिकटवून घेऊन आलीत म्हणून लिहायला बसलो.

ती संख्या म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या ल्यूक ड्युरँट यांना सापडली, ४,१०,२४,३२० अंकी आहे. आजवर माहीत असलेल्यांत सगळ्यात मोठी, बस. मूळ संख्या संपतच नाहीत, ग्रीक गणिती युक्लिडने दोन हजार वर्षांपूर्वीच दाखवलंय. तिच्यापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार करा, त्यात १ मिळवा, आता त्यातल्या कुठल्याही संख्येने भागलं तरी बाकी १ च उरणार, म्हणजे या उत्तराला भागणारी मूळ संख्या यादीच्या बाहेरचीच.

आणि घातांक मूळ असला की २ चा तो घात वजा १ ही पण मूळच असंही नाही हो, घातांक ११ घ्या, २०४७ येतात, ते २३ गुणिले ८९.

सगळ्यात खटकलं ते ‘माणसाच्या आवाक्याबाहेरची संख्या’. अहो, २ च्या घातांचा एकक अंक २, ४, ८, ६ असाच फिरतो, घातांकाला ४ ने भागलं की बाकी १, म्हणून एकक २, त्यातून १ गेला, शेवटचा अंक १. पोरांनी फळ्यावर काढलं. मग मी सांगितलं की चार कोटी अंकांची बेरीज करा, परत बेरीज, असं एकच अंक उरेपर्यंत केलं तर ४ येतो, तर मागून एक जण, ‘सर, काय सांगी राहिनात!’ ९ ने भागल्यावर २ च्या घातांच्या बाक्या २, ४, ८, ७, ५, १ अशा फिरतात, घातांकाला ६ ने भागून बाकी ५, पाचव्या जागेवर ५, वजा १, चार. सगळं वहीच्या अर्ध्या पानात.

आणि आपल्याच भागातला पेपर असून चाळीसगावजवळच्या पाटणादेवीचं नावही नाही? तिथल्या पाटणच्या शिलालेखात बाराव्या शतकातले गणिती भास्कराचार्य यांचं घराणं आहे, त्यांचे ग्रंथ शिकवायला नातू चांगदेवांनी मठ काढला तोही आहे. ६१ ही पण मूळ संख्याच. कुठल्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला की पुन्हा पूर्ण वर्ग येतो? भास्कराचार्यांनी चक्रवाल पद्धतीने उत्तर काढलं, २२,६१,५३,९८० चा वर्ग घ्यावा लागतो, याच्याहून लहान चालतच नाही. फ्रान्सचा गणिती फर्मा याने हाच प्रश्न १६५७ मध्ये युरोपातल्या गणितींना घातला, पाचशे वर्षांनी!

त्याच पानावर दुरुस्ती छापा ही विनंती. पोरांनी कात्रणाखाली वहीत तेवढी जागा रिकामी सोडलीय.

आपला रोजचा वाचक,
चाळीसगाव, जि. जळगाव