अभ्यासात कोण होतं, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘मेंदूच्या स्कॅनवरून तान्ह्या बाळातच ऑटिझम कळणार’ अशा अर्थाची बातमी आपल्या अंकात वाचली. बातमी खोटी नाही, अर्धी आहे. असे मथळे ज्या संशोधनाच्या जोरावर निघतात ते २०१७ साली प्रसिद्ध झालं. बाळ सहा महिन्यांचं असताना आणि पुन्हा वर्षाचं झाल्यावर एमआरआय काढायचा, मधल्या काळात मेंदूचा पृष्ठभाग किती वाढला ते मोजायचं, असा तो अभ्यास होता. दोन वर्षांच्या वयात ज्यांना निदान मिळालं, त्यांतली दहापैकी जवळजवळ नऊ बाळं आधीच्या स्कॅनवरून ओळखता आली. बातमीत राहून गेलं ते एवढंच, की ज्या बाळांबद्दल हा अंदाज बांधला त्यांचं मोठं भावंड आधीच ऑटिस्टिक होतं. अशा घरांत साधारण पाचातल्या एका धाकट्याला पुढे निदान होतं. एरवी हे प्रमाण कितीतरी कमी. तेव्हा हीच पद्धत सरसकट सगळ्या बाळांना लावली तर ती किती खरी ठरेल, हे या अभ्यासावरून सांगता येत नाही.

माझी दोन्ही मुलं अशा संशोधनात सहभागी झाली आहेत. मोठा ऑटिस्टिक आहे, धाकटी नाही. त्यामुळे अशी बातमी आली की माझी नजर आधी एकाच गोष्टीकडे जाते: अभ्यासात नक्की कोण घेतले होते?

हा प्रश्न न विचारल्याची किंमत आयांनी मोजली आहे. १९४३ मध्ये अमेरिकेतले बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ऑटिझमचं पहिलं सविस्तर वर्णन लिहिलं ते अकरा मुलांवरून. आठ मुलगे, तीन मुली. पालक बहुतेक उच्चशिक्षित, नाव कमावलेले. देशाच्या दुसऱ्या टोकाहून नामांकित बालमानसतज्ज्ञापर्यंत मुलाला घेऊन जाणं तेव्हा अशाच लोकांना जमत असणार. पण निष्कर्ष उलटा निघाला. हे पालक बुद्धिमान आहेत पण थंड आहेत, असं आधी नोंदवलं गेलं आणि मग त्याचंच कारण झालं. ‘फ्रिजसारखी आई’ ही शिवी वैद्यकीय भाषेत रुळली, ब्रुनो बेटलहाइम या गाजलेल्या लेखकानं १९६०च्या दशकात ती घरोघर पोचवली. मुलाला आईपासून तोडणं हाच उपचार, इथपर्यंत मजल गेली.

हे खोडून काढायला दोन गोष्टी लागल्या, आणि दोन्हींत कुटुंबांनी दार उघडलं म्हणूनच ते झालं. १९७७ मध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकल रटर यांनी एकवीस जुळ्यांच्या जोड्या तपासल्या. एकाच बीजांडातून जन्मलेल्या अकरा जोड्यांपैकी चारांत दोघंही ऑटिस्टिक निघाली; दोन वेगळ्या बीजांडांच्या दहा जोड्यांत एकही नाही. एवढ्याशा आकड्यांनी आनुवंशिकतेचा प्रश्न टेबलावर आणला. एकवीस घरं, बस! दुसरी गोष्ट लोर्ना विंग यांची. त्या मानसोपचारतज्ज्ञ होत्या आणि एका ऑटिस्टिक मुलीच्या आईही. त्यांनी आणि ज्युडिथ गूल्ड यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागात, दवाखान्यात कोण येतं याची वाट न बघता, मदतीची गरज असलेली मुलं शोधून काढली. १९८० मध्ये विंग यांनी लिहिलं की अशा पद्धतीनं पाहिलं तर ऑटिझम कुठल्या एका सामाजिक वर्गाचा उरत नाही. ‘शिकलेल्यांचा आजार’ ही समजूत कोण डॉक्टरपर्यंत पोचतं यातून जन्मली होती.

उलट बाजूचं उदाहरणही विसरू नये. १९९८ मध्ये लसीचा आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा जो निबंध गाजला तो अवघ्या बारा मुलांवर बेतलेला होता, आणि ती मुलं आपोआप आलेली नव्हती. काहींची कुटुंबं लसउत्पादकांविरुद्ध दाव्याच्या तयारीत होती. २०१० मध्ये नियतकालिकानं तो मागे घेतला. घरोघरची भीती मात्र अजून मागे घेतली गेलेली नाही.

आता आजचं बघा. ऑटिस्टिक माणसांपैकी किमान एक तृतीयांशांना बौद्धिक अक्षमताही असते. पण २०१६ या एका वर्षात ऑटिझमच्या खास नियतकालिकांत आलेले अभ्यास कुणीतरी बसून मोजले, तेव्हा त्यांतले सुमारे ९४ टक्के सहभागी बौद्धिक अक्षमता नसलेले निघाले. मुलींचं तसंच. दवाखान्यातल्या नोंदींत चार मुलग्यांमागे एक मुलगी, किंवा त्याहूनही कमी. वस्तीत जाऊन शोधलं की तीनास एकच्या आसपास. पूर्वीचे कितीतरी मेंदूचे अभ्यास तर नुसत्या मुलग्यांवरच झाले.

याला कारण दुष्टपणा नाही, सोय आहे. एमआरआयच्या नळीत डोकं न हलवता पडून राहावं लागतं. माझ्या मुलासारखा, जो बोलत नाही आणि टॅबलेटवरच्या चित्रांनी आपलं काम चालवतो, तो तिथे कसा पडून राहणार? २०१२ च्या सुमारास संशोधकांच्याच लक्षात आलं की मिलिमीटरच्या अंशाइतकी डोक्याची हालचाल झाली तरी मेंदूतले जवळचे दुवे घट्ट आणि लांबचे सैल असल्याचा भास स्कॅनमध्ये होतो. गंमत म्हणजे ऑटिझममध्ये नेमकं हेच आढळतं असं त्याआधी मोठ्या उत्साहानं छापलं जात होतं. मग चुळबुळ करणाऱ्यांचे स्कॅन गाळायला सुरुवात झाली. योग्यच झालं, पण गाळलेली मुलं कोण होती हे वेगळं सांगायला नको.

आमचाच अनुभव. एका ठिकाणी फोनवरच सांगण्यात आलं, ‘तुमचा मुलगा निकषात बसत नाही.’ निकष काय, तर बुद्ध्यांक सत्तरच्या वर आणि सूचना ऐकून पाळता येणं. म्हणजे ज्या मुलांबद्दल काहीच कळत नाही म्हणून संशोधन हवं, त्यांनाच दारातून परत पाठवायचं. मी चिडले होते आणि अजूनही त्याबद्दल मला वाईट वाटत नाही.

दुसऱ्या एका गटानं मात्र दाखवून दिलं की हे जमतं. तो ईईजीचा अभ्यास होता. ईईजी म्हणजे मेंदूतले विजेचे बारीक संदेश डोक्यावरून टिपणं. आत काही सोडत नाहीत, किरण नाहीत, सुई नाही. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या लहान स्पंजांची जाळीदार टोपी असते. त्यांनी आधी खोलीचे, खुर्चीचे, टोपी घालणाऱ्या ताईचे फोटो पाठवले. मग एक जुनी टोपी घरी आणून दिली. ती आधी बाहुलीच्या डोक्यावर गेली, मग माझ्या, मग त्याच्या. ओल्या स्पंजाचा गारवा त्याला अजिबात खपत नव्हता, म्हणून पाणी कोमट करून बघितलं. प्रयोगाच्या दिवशी त्यानं मध्येच हात आडवा केला, तशी त्यांनी टोपी काढली. ‘अजून पाचच मिनिटं’ असं कुणी म्हणालं नाही. नोंद अर्धीच मिळाली. ती अर्धी नोंद चालेल अशी तजवीज त्यांनी विश्लेषणात आधीच करून ठेवली होती. याला वेळ लागतो, पैसा लागतो, आणि अनुदान देणाऱ्यांनी तो खर्च मंजूर करावा लागतो. अडचण तिथे आहे.

धाकटीचं काम सोपं होतं. मांडीवर बसून पडद्यावरचे चेहरे बघायचे आणि तिची नजर कुठे रेंगाळते ते कॅमेरा टिपणार. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच एका अभ्यासात दिसलं की पुढे ऑटिझमचं निदान झालेली बाळं सुरुवातीला डोळ्यांकडे बघणं टाळत नव्हती. दोन ते सहा महिन्यांच्या दरम्यान ते बघणं हळूहळू कमी होत गेलं. हे कळलं कारण तीच बाळं पुन्हा पुन्हा आणली गेली. मधूनच सोडून जाणारी कुटुंबं असती तर हा उतार दिसलाच नसता.

ज्यांच्या मुलांना काहीही अडचण नाही अशा पालकांनाही यात यायला हवं, असं मी आवर्जून सांगते. प्रत्येक अभ्यासाला तुलनेचा गट लागतो. पहिल्या वर्षात मेंदूचं आकारमान जवळजवळ दुप्पट होतं; मुलामुलांत वेगाचा फरक मुळातच खूप असतो. त्या फरकाची नीट नोंद नसेल तर वेगळं कशाला म्हणायचं हेच ठरत नाही. बहुतेक वेळा या गटात संशोधकांच्या ओळखीपाळखीतली, सुशिक्षित घरांतली मुलं भरतात. कॅनरच्या दवाखान्यातला जुना गोंधळ असा मागच्या दारानं परत येतो.

जाताना डोळे उघडे ठेवून जावं. संशोधन म्हणजे उपचार नव्हे. तुमच्या मुलाला त्यातून थेट फायदा होईलच असं नाही, आणि स्कॅनचा अहवाल हातात मिळेल असंही नाही. काही अनपेक्षित वैद्यकीय बाब दिसली तर कळवणार का, नमुने आणि नोंदी किती वर्षं ठेवणार, दुसऱ्यांना देणार का, हे संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारावं. ‘आनुवंशिक’ हा शब्द दिसला तर दोनदा विचारावं. ब्रिटनमध्ये २०२१ साली दहा हजार ऑटिस्टिक लोकांचा डीएनए गोळा करायला निघालेला ‘स्पेक्ट्रम टेन के’ हा प्रकल्प काही आठवड्यांतच थांबवावा लागला, कारण या माहितीचं पुढे काय करणार असं ऑटिस्टिक लोकांनीच विचारलं. संमतीपत्रं लांबलचक असतात म्हणून वैतागणाऱ्यांना विलोब्रुकची आठवण करून द्यावीशी वाटते. न्यूयॉर्कमधल्या त्या संस्थेत बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना अभ्यासासाठी मुद्दाम हिपॅटायटिसची लागण केली गेली, आणि तेही पालकांच्या सह्या घेऊन. म्हणून नुसती सही पुरत नाही. मुलाचा आडवा हात हाही नकारच असतो, आणि कधीही, कारण न देता, बाहेर पडता येतं हे पालकांनी पक्कं लक्षात ठेवावं.

संशोधकांकडून माझी एक अपेक्षा आहे. आमची मुलं देऊन झाल्यावर निष्कर्ष काय निघाला ते आम्हाला समजेल अशा भाषेत एका पानावर कळवा. काहीच निघालं नसेल तर तेही कळवा. दोन्ही अभ्यासांपैकी एकाचं असं पत्र आलं. दुसऱ्याचं अजून नाही.

आणि आपल्याकडून अपेक्षा ही, की यापुढे ऑटिझमवरच्या कुठल्याही संशोधनाची बातमी छापताना तीन ओळी वाढवाव्यात: किती मुलं होती, कुठल्या वयाची, आणि कोणाला घेतलं नव्हतं. ही माहिती मूळ निबंधात जवळजवळ नेहमी असते. पद्धतीच्या विभागात बघावं. जागा कमी पडत असेल तर सोबतचं मेंदूचं रंगीत चित्र थोडं लहान केलं तरी चालेल.

कळावे,
एक पालक
(मुलांची ओळख उघड होऊ नये म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)