दूरच्या मुलाखतींचे रेकॉर्डिंग शिकवणाऱ्या ताईंना आभारपत्र

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

फोनवर तुम्ही आभार मानू देत नाही. मी सुरुवात केली की विषय लगेच माइककडे वळवता. म्हणून हे पत्र लिहीत आहे, आणि ते सर्वांसमोर लिहीत आहे, कारण घरच्या साध्या संगणकावर दूरच्या माणसाची मुलाखत रेकॉर्ड करू पाहणाऱ्या कुणालाही तुम्ही मला सांगितलेल्या गोष्टी उपयोगी पडतील.

आपली ओळख झाली ती एका नुकसानीमुळे. पुस्तकबांधणीत आयुष्य घालवलेल्या एका वयोवृद्ध कारागिरांशी मी १ तास ४० मिनिटे बोलले होते आणि शेवटच्या प्रश्नाच्या वेळी माझा संगणक अचानक बंद पडला. पुन्हा सुरू केल्यावर फाइल दिसत होती, तिचा आकारही भरपूर होता, परंतु ती कोणत्याही प्लेअरमध्ये उघडत नव्हती. तुम्हाला फोन केला तेव्हा फाइल कोणत्या प्रकारची आहे, एवढेच तुम्ही आधी विचारलेत. एमपी४ असे उत्तर ऐकल्यावर तुम्ही क्षणभर थांबलात आणि मग समजावून सांगितलेत की या प्रकारात कोणते चित्र आणि कोणता आवाज फाइलमध्ये कुठे आहे याची सूची साधारणपणे रेकॉर्डिंग थांबवताना, अगदी शेवटी लिहिली जाते. ती लिहिण्यापूर्वीच यंत्र बंद पडले तर आतला मजकूर असूनही प्लेअरला त्याचा पत्ता लागत नाही. त्या दिवसापासून मी ओबीएस स्टुडिओ या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एमकेव्ही हाच फाइलचा प्रकार निवडते. मध्येच वीज गेली तरी तोपर्यंतचे रेकॉर्डिंग शाबूत राहते, आणि काम संपल्यावर त्याच सॉफ्टवेअरमधल्या रीमक्सच्या, म्हणजे फाइलचा केवळ प्रकार बदलण्याच्या, सोयीने एमपी४ फाइल तयार करता येते. त्यात चित्रावर पुन्हा प्रक्रिया होत नसल्यामुळे दर्जाही घटत नाही.

मी नवा संगणक घ्यायला निघाले होते. तो तुम्ही घेऊ दिला नाहीत, याचे आज विशेष वाटते. व्हिडिओचा आकार बारीक करण्याचे, म्हणजे एन्कोडिंगचे, सगळे काम माझा जुना प्रोसेसर करत होता, त्याच वेळी कॉलही तोच सांभाळत होता, आणि पंख्याच्या जाळीवर धुळीचा थर बसला होता. तुम्ही जाळी साफ करायला लावलीत आणि एन्कोडिंगचे काम ग्राफिक्स चिपकडे सोपवायला सांगितलेत. तेव्हापासून हे यंत्र एकदाही तापून बंद पडलेले नाही.

तुमचे एक वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे : ‘बोलणं इंटरनेटवरून होऊ द्या, रेकॉर्डिंग मात्र ज्याच्या त्याच्या घरी होऊ द्या.’ याचा अर्थ मला हळूहळू उमगला. कॉलचे सॉफ्टवेअर संभाषण अखंड चालू ठेवण्यासाठी बांधलेले असते, त्यामुळे जोडणी मंदावली की ते चित्राचे बारकावे कमी करते, आवाज आवळते, प्रसंगी शब्दाचा तुकडा गाळते. आणि आपण आपल्या पडद्यावरचा कॉल रेकॉर्ड करतो तेव्हा एवढे सगळे गाळून जे उरले तेच आपल्या हाती लागते. म्हणून माझा माइक आणि माझा कॅमेरा यांचे रेकॉर्डिंग थेट माझ्या संगणकावर करायचे, पाहुण्यांच्या घरी त्यांच्याजवळ ठेवलेल्या फोनवर त्यांचे रेकॉर्डिंग करायचे, आणि कॉलचे रेकॉर्डिंग केवळ आधार म्हणून ठेवायचे, ही पद्धत तुम्ही घालून दिलीत. फोन कुठे ठेवायचा, त्याची सूचना देणारी घंटी कशी बंद करायची, जागा किती मोकळी हवी, हे सर्व त्या कारागिरांच्या मुलीला तुम्ही स्वतः फोन करून सांगितलेत. त्यांना तांत्रिक भाषेची सवय नव्हती, आणि तुम्ही एकही अवघड शब्द न वापरता अर्धा तास बोललात. ते मी शेजारी बसून ऐकत होते, आणि कुणाला काही शिकवताना कसे बोलावे हेही मी त्या दिवशी शिकले.

दोन ठिकाणची रेकॉर्डिंग जुळवण्यासाठी सुरुवातीला दोघांनीही टाळी वाजवायची, हे मला ठाऊक होते. शेवटीही वाजवायची, हे तुमच्याकडून कळले. दोन यंत्रांची आतली घड्याळे तंतोतंत सारख्या गतीने चालत नाहीत. त्यांच्यात दहा लाखांत ५० भागांचा फरक असला, तरी तासाभरात ०.१८ सेकंदाचे अंतर पडते, म्हणजे सेकंदाला ३० चौकटींच्या (फ्रेमच्या) हिशेबाने पाचेक चौकटी. एवढ्या फरकाने ओठ आणि शब्द यांची फारकत डोळ्यांना जाणवू लागते. पहिल्या आणि शेवटच्या टाळीमधले अंतर दोन्ही फाइलींत मोजले की आवाज नेमका किती ताणायचा किंवा आखडायचा ते समजते.

आवाजाच्या बाबतीत तुमचा कान विलक्षण आहे. माझे जुने रेकॉर्डिंग तुम्ही अर्धे मिनिटही ऐकले नसेल, आणि विचारलेत, ‘तुम्ही ब्लूटूथ हेडसेट लावता का?’ त्या हेडसेटचा माइक चालू झाला की बहुतेक वेळा तो फोनवरच्या बोलण्यासाठी असलेल्या पद्धतीवर जातो, आणि तिथे आवाजाचे नमुने सेकंदाला ८,००० किंवा १६,०००च घेतले जातात. व्हिडिओसाठी प्रचलित संख्या ४८,००० आहे. ‘स’ आणि ‘श’ मला एकसारखे का ऐकू येत होते, याचे उत्तर तिथे मिळाले. आता दोन्हीकडे तारेचे हेडफोन असतात, त्यामुळे समोरच्याचा आवाज माझ्या माइकमध्ये शिरत नाही. दोघांचे आवाज वेगळ्या ट्रॅकवर ठेवते आणि सर्वांत मोठा उच्चारही उणे १२ डेसिबलच्या (शून्य ही कमाल मर्यादा) आसपास राहील एवढीच पातळी लावते, म्हणजे कुणी एकदम हसले तरी आवाज फाटत नाही.

बाकीच्या सूचना लहान होत्या, परंतु प्रत्येकीने काही ना काही वाचवले. राउटरला केबल जोडली, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर घेतला, खिडकी पाठीमागून समोर आणली, स्वयंचलित अपडेट आणि स्लीप बंद केले. सेकंदाला १० मेगाबिट या दराने तासाला साधारण ४.५ जीबी जागा लागते, आणि एफएटी३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही, हेही तुम्ही वेळेवर सांगितलेत. रेकॉर्डिंग सुरू होत असल्याचे पाहुण्यांना स्पष्ट सांगायचे आणि त्यांची संमती त्यांच्याच आवाजात सुरुवातीला नोंदवायची, याबाबत मात्र तुम्ही कुठलीही सवलत दिली नाहीत, आणि ते मला फार योग्य वाटते.

त्या कारागिरांनी पुन्हा बसायला होकार दिला, हा त्यांचा मोठेपणा. दुसऱ्या मुलाखतीत ते पहिलीपेक्षा मोकळे बोलले. मोबदल्याचा विषय काढला तेव्हा तुम्ही एवढेच म्हणालात की पूर्ण झालेले रेकॉर्डिंग ऐकायला पाठवा. ते या पत्रासोबत पाठवत आहे. ४१व्या मिनिटाला ते फर्म्याची, म्हणजे पुस्तकाची पाने छापलेल्या मोठ्या कागदाची, घडी घालून दाखवतात आणि कागदावरून पट्टी ओढतात. कॉलच्या रेकॉर्डिंगमध्ये तिथे निव्वळ शांतता आहे, कारण बोलण्याखेरीजचा आवाज सॉफ्टवेअरने खरखर समजून पुसून टाकला होता. त्यांच्याजवळच्या फोनने मात्र तो टिपला आहे. कागदावर पट्टी सुरुवातीला खरखरते, मग घडी बसत जाते तसा आवाज बारीक होत जातो, आणि त्यानंतर ते म्हणतात, ‘आता बसली.’ हेडफोन लावून ऐका, एवढीच विनंती.

तुमची कृतज्ञ,
मुलाखतकार