कामगारानं हात का सोडला

तीर्थरूप बाबा आणि आईस साष्टांग नमस्कार.

बाबा, "कामगारांनी पंधराशे रुपयांत मतं विकली, म्हणून काँग्रेस हरली" असं तुम्ही फोनवर म्हणालात, ते मला पटलं नाही. ती पंधराशेची लाडकी बहीण योजना आली जुलै २०२४ मध्ये. सांगली लोकसभेची जागा काँग्रेसच्या हातून गेली ती २०१४ लाच, आणि तीही १९६२ पासून एकदाही न हरलेली. दुखणं त्याच्याही आधीचं आहे.

२०१९ आठवा. जागा मित्रपक्ष स्वाभिमानीला सोडलेली, यंत्रावर हाताचं चिन्हच नाही. वंचित बहुजन आघाडीच्या गोपीचंद पडळकरांना तीन लाखांच्या घरात मतं पडली. २०२४ लाही हात नव्हता, तरी वसंतदादांचे नातू विशाल पाटील अपक्ष म्हणून लिफाफा चिन्हावर लाखाच्या फरकानं निवडून आले. पण सहाच महिन्यांत विधानसभेला सांगली आणि मिरज, दोन्हीकडे भाजपचे आमदार आले. म्हणजे लोक कायमचे तिकडे गेले असं नाही. ते आता कुणाचेच बांधलेले नाहीत.

हे बांधलेपण सुटलं कुठं? माझ्या मते आधी साखर कारखान्याच्या गेटवर. नियम सांगतो, ऊस तुटल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायची, नाहीतर वर १५ टक्के व्याज. बिल थकलं, पगार थकला की दाद मागायची चेअरमनकडे, आणि चेअरमनच पक्षाचा पुढारी. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याकडेच मत मागायला जायचं! शेतकरी नेते राजू शेट्टी २००९ ला हातकणंगल्यातून खासदार झाले ते याच रागावर, आणि आपल्या जिल्ह्यातले इस्लामपूर, शिराळा त्याच मतदारसंघात येतात.

दुसरी जागा कुपवाड एमआयडीसी. तिथं कायम कामगार कमी आणि ठेकेदाराची माणसं जास्त झाली की युनियनचं ऑफिस ओस पडतं. पीएफचं बघा. पगारातून १२ टक्के कापतात, तेवढेच मालकानं घालायचे. ठेकेदार बदलला की काही वेळा नवा यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) निघतो आणि जुने पैसे जुन्या खात्यात अडकतात. आधीच्या ठेकेदारानं काम सोडल्याची तारीख भरलेली नसते. आधारवर नाव एक, पीएफला दुसरं. क्लेम परत येतो. ठेकेदारानं बुडवलं तर मूळ कंपनीची जबाबदारी असते, हे त्या पोराला सांगणारं कुणी नसतं. पूर्वी हे युनियनचा माणूस करायचा आणि तोच निवडणुकीत बूथवर बसायचा. तो माणूस गेला आणि त्याच्याबरोबर पक्षही गल्लीतून गेला. माझ्या लेखी सगळ्यात मोठं नुकसान हेच.

बांधकाम मजुरांचं तर जास्तच लागतं मनाला. बांधकामावर एक टक्का उपकर घेऊन चालणारं कल्याणकारी मंडळ राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीच्याच काळात उभं राहिलं. नोंदणीला वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. तो दाखला मिळवून द्यायला पक्षाचा कुणी फिरकला नाही. मग भांड्यांचे संच गावोगाव वाटले गेले तेव्हा कामगारमंत्री होते मिरजेचे भाजपचे आमदार. घरात भांडी दिसतात, कायदा दिसत नाही. त्या बाईला कृतघ्न कसं म्हणायचं?

जात, धर्म, मोदींचं नाव, यांचाही वाटा आहेच, नाकारत नाही. पण ते भाषण ऐकायला माणूस मोकळा झाला तो आपला आधार सुटल्यावर.

म्हणून बाबा, पुढच्या बैठकीत उमेदवार कोण, यावर भांडू नका. रविवारी सकाळी दोन तास चौकात टेबल टाकायला सांगा. यूएएन आणि आधारवरचं नाव जुळवणं, काम सोडल्याची तारीख तपासणं, ९० दिवसांचा दाखला, ईएसआयचं म्हणजे कामगार विम्याचं कार्ड (२१ हजारांपर्यंत पगार असेल तर हक्काचं), एवढीच चार कामं. पैसे घ्यायचे नाहीत, आणि निवडणूक झाली म्हणून टेबल उचलायचं नाही.

आई, तुझ्या बचत गटातल्या बायका फॉर्म भरायला कुणाकडे जातात, ते बाबांना एकदा सांग. त्यांनी कधी विचारलं नसेल.

औषधं वेळेवर घ्या.

तुमची लेक