चौथं पुस्तक मिटू नकोस

सातारा,
१९ ऑगस्ट

प्रिय ठमे,

पाकिटावर तुझं पूर्ण नाव, हुद्दा, क्वार्टर नंबर सगळं व्यवस्थित लिहिलंय. पण आत तू ठमीच. आपल्या वसतिगृहाच्या त्या खोलीबाहेर हे नाव कुणाला ठाऊक नाही, आणि तुझं पत्र वाचल्यापासून मला त्याचं फार महत्त्व वाटायला लागलंय. का, ते पुढे येईल.

पत्र गेल्या आठवड्यात आलं. दोनदा वाचलं, मग बाबांच्या खाटेशी बसून तिसऱ्यांदा. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ शेवटी पूर्ण केलंस याचा किती आनंद झाला म्हणून सांगू! तू सॅमबद्दल लिहिलंयस ते अक्षरन् अक्षर पटलं. सगळ्या राजांच्या, जादूगारांच्या गर्दीत शेवटी घरी येऊन लेकीला मांडीवर घेऊन बसतो तो माळी. एवढी लढाई कशासाठी होती ते त्या एका मांडीवरून कळतं. आणि फ्रोडोसाठी तू रडलीस. मीही रडले होते. तो जिंकून परत येतो, गाव वाचतं, आणि त्यालाच त्या गावात राहता येत नाही. वर्षाच्या ठरावीक दिवशी त्याची जुनी जखम पुन्हा ठणकते. लेखक टॉल्किन स्वतः पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, सोमच्या लढाईत होता, त्याचे जिवाभावाचे मित्र त्या युद्धात गेले. ही जखम त्याने मनाने रचलेली नाही, असं मला कायम वाटत आलंय.

पण मग त्याच पत्रात, पुढच्याच पानावर, तू लिहितेस की उर्सुला ले ग्विनच्या ‘अर्थसी’ मालिकेची पहिली तीन पुस्तकं एका दमात वाचली आणि चौथं, ‘तेहानू’, निम्म्यावर मिटून ठेवलं. “जादूगाराची जादूच गेल्यावर त्याच्याबद्दल काय वाचायचं?” हे वाक्य मला आठवडाभर सोडत नाहीये, ठमे. म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी पहिल्या पुस्तकाबद्दल, कारण तिथे आपलं एकमत आहे आणि त्यात मला तुझ्याशी मनसोक्त बोलायचंय. तू वनस्पतिशास्त्राची, त्यामुळे ओजियन गुरुजींचा तो प्रसंग तुला आवडणार हे मी पैजेवर सांगितलं असतं. जादू शिकायला आलेलं पोरगं, गेड, विचारतं, या चौपानी रोपट्याचा उपयोग काय? गुरुजी म्हणतात, मला तरी माहीत नाही. आधी त्याचं मूळ, पान, फूल, बी, वास सगळ्या ऋतूंत ओळखायला शीक, मग त्याचं खरं नाव कळेल. आणि पुढे रोक बेटावरच्या जादूच्या विद्यापीठात, त्या एकाकी मनोऱ्यात नावांच्या याद्या पाठ करायच्या, मध्यरात्री कागदावरची शाई आपोआप उडून जायची. तू एम्.एस्सी.ला असताना रात्री दोन वाजता कुळं आणि प्रजाती घोकायचीस, मी गोधडीत तोंड खुपसून ऐकायचे. तो मनोरा मी वाचला तेव्हा मला आपली खोलीच दिसली.

माझा भाचा सध्या ब्रँडन सँडरसनचं ‘मिस्टबॉर्न’ वाचतोय. अकरावीत आहे. रोज संध्याकाळी येऊन मला त्यातल्या जादूचं गणित समजावतो. माणसं धातू गिळतात आणि पोटात तो ‘जाळतात’. कथिलाने कान-डोळे तीक्ष्ण होतात, लोखंडाने आसपासचा धातू आपल्याकडे ओढता येतो, पोलादाने तो ढकलता येतो. नाणं ढकललं तर नाणं उडतं, पण तेच नाणं जमिनीत घट्ट अडकलेलं असेल तर ढकलणारा वर उडतो. “आत्या, न्यूटनचा तिसरा नियम!” असं म्हणताना त्याचे डोळे काय चमकतात! मी त्याच्याकडून घेऊन पहिला भाग वाचला. आकाशातून सतत राख पडतेय, लोक ती रोज झाडतायत, हे चित्र मनातून जात नाही. जादूला किंमत हवी, मर्यादा हवी, हा त्याचा आग्रह मला मनापासून पटतो. पण तिथे जादू ही एक ताकद आहे. कुणाकडे जास्त, कुणाकडे कमी, आणि ती वापरायची कशी याची हुशारी. ले ग्विनकडे जादू म्हणजे एखाद्या गोष्टीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारता येणं. ती गोष्ट तेवढी जवळून ओळखलेली असणं. म्हणून बढाई मारायला मेलेल्याला हाक मारणाऱ्या गर्विष्ठ गेडचा चेहरा फाटतो, त्याला वाचवताना महागुरूचा जीव जातो, आणि मुलगा महिनोन् महिने बोलत नाही. त्यानंतर त्याचा मित्र व्हेच त्याचा निरोप घ्यायला येतो आणि जाता जाता आपलं खरं नाव सांगून टाकतो. एस्टारियल. ज्या जगात नाव कळलं की माणूस दुसऱ्याच्या मुठीत येतो, तिथे सगळ्यांनी टाळलेल्या, हरलेल्या पोराला हा आपलं नाव देतो.

त्या पानाशी मी दर वेळी थांबते. मी त्या वर्षी नापास झाले होते तेव्हा मेसमध्ये माझ्या ताटाशेजारी येऊन बसणारी तू एकटीच होतीस. तूही कधी बोलली नाहीस त्याबद्दल, मीही नाही.

आणखी एक सांगायचंय. अप्पा बळवंत चौकातून जुनं पुस्तक आणून मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या मनातला गेड गोराच होता. पुस्तकात स्वच्छ लिहिलंय की त्याचा रंग तांबूस-तपकिरी, व्हेच तर काळाच. गोरी माणसं आहेत ती पूर्वेकडची कार्ग. १९६८ साली एक गोरी अमेरिकन बाई हे लिहिते, आणि मी, साताऱ्याची सावळी मुलगी, ते वाचूनही दुसरंच बघते. २००४ च्या टीव्ही मालिकेत गेडला गोरं केलं तेव्हा ले ग्विनने जाहीर निषेध केला होता. तो वाचला त्या दिवशी मी पहिलं पान पुन्हा उघडलं, आणि तेव्हापासून माझा गेड थेट आपल्या गावातल्या धनगराच्या पोरासारखा दिसतो.

तिसरं पुस्तक तुला सर्वांत आवडलं. मला नाही. समुद्र, तरंगते तराफे, ड्रॅगन सगळं भव्य आहे, पण गेड त्यात बरोबरच्या राजपुत्राला, ॲरनला, फार उपदेश करतो. ते राहू दे.

दुसऱ्याबद्दल मात्र बोलायलाच हवं, कारण चौथ्याचं दार तिथे आहे. टेनार पाच वर्षांची असताना तिला आईबापांकडून उचलून नेतात, कारण जुनी पुजारीण मेली त्याच रात्री ही जन्मली. तिचं नाव काढून घेतात. नवं नाव आर्हा, म्हणजे खाऊन टाकलेली. मग सगळं बालपण जमिनीखालच्या अंधारात, हाताने भिंती चाचपत. हे वाचून झाल्यावर मी आईकडे गेले. आई माहेरची कुसुम. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने ‘सुनंदा’ लिहिलं गेलं आणि कुसुम त्या ताटातच राहिली. मामा तेवढा ‘कुसे’ म्हणायचा, तो जाऊन आता सहा वर्षं झाली. मी विचारलं, आई, आता कुणी तुला कुसुम म्हणून हाक मारली तर? ती भाजी निवडत होती. म्हणाली, “ओ द्यायला सुचायचंच नाही गं. वाटेल दुसऱ्या कुणाला मारली.” थोड्या वेळाने आपणहून एकेक नाव घेत गेली, तिला कुसुम म्हणणाऱ्या माणसांचं. सात जणं झाली. त्यातलं कुणी नाही आता.

नवऱ्याचं नाव घ्यायचं तर उखाण्यात गुंडाळून घ्यायचं, हे ज्या घरात पाहिलं, तिथल्या मुलीला खऱ्या नावाचा धाक म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही.

आता चौथं. १९७२ साली तिसरं पुस्तक आलं आणि सगळ्यांना वाटलं, संपलं. मग अठरा वर्षांनी, १९९० साली, ‘तेहानू’. एवढ्या काळात ले ग्विनने आपलीच पुस्तकं परत तपासली. तूही आता परत बघ : पहिल्या पुस्तकात बायकांची जादू एकतर दुबळी नाहीतर दुष्ट, अशी म्हणच आहे. रोकच्या विद्यापीठात एकही मुलगी नाही. मी विशीत हे वाचलं आणि मला काही खटकलं नाही. तिला खटकलं, स्वतःच्याच लिखाणातलं, ज्याचं जगभर कौतुक झालं होतं त्या लिखाणातलं. ती परत गेली आणि गेडच्याच गाँट बेटावर एका शेतकऱ्याच्या विधवेच्या घरात उभी राहिली. टेनार आता मध्यमवयीन आहे. गावात तिला गोहा म्हणतात. घरात भाजलेली, अर्धा चेहरा जळालेली एक मुलगी आहे, जिच्याकडे लोक बघू शकत नाहीत. आणि गेड ड्रॅगनच्या पाठीवरून येतो, अर्धमेला, रिकामा.

तू ज्या पानावर थांबलीस ते मला बरोबर माहीत आहे. राजाची माणसं त्याला सन्मानाने न्यायला येतात आणि हा लपतो. डोंगरावर निघून जातो, शेळ्या राखायला. तुला तो भेकड वाटला. तू लिहिलंयस, “इतका मोठा माणूस असा तोंड लपवून?”

ठमे, आमच्या घरी गेल्या दोन वर्षांत काय चाललंय ते मी फोनवर कधी नीट सांगितलं नाही. बाबांनी तीस वर्षं एसटी चालवली. पसरणी घाटात पावसाळी धुक्यात गाडी कशी काढायची हे नव्या ड्रायव्हरना तेच शिकवायचे. अर्धांगवायूने डावा हात गेला. बोलणं परत आलं, चालणंही बरंचसं आलं, हात नाही. डेपोतले जुने सोबती भेटायला येतात, पेढे आणतात, प्रेमाने हाका मारतात. आणि स्कूटरचा आवाज आला की बाबा उठून आतल्या खोलीत जातात. झोपलेत म्हणून सांगायचं. पहिल्या वर्षी मला त्यांचा राग यायचा. चार माणसं मायेने येतात, भेटायला काय होतं?

मग एका रात्री त्यांच्या उशाशी बसून मी ‘तेहानू’ पुन्हा वाचायला घेतलं आणि राजाच्या माणसांचं ते प्रकरण आलं. ती माणसं गेडला न्यायला येतात, पण ज्याला न्यायचंय तो माणूस आता नाहीये. जो आहे त्याला कोण भेटायला आलंय? मी पुस्तक खाली ठेवलं आणि बाबांकडे बघत बसले. ते जागेच होते. काही बोलले नाहीत.

फ्रोडोला टॉल्किनने जहाजात बसवून पश्चिमेला पाठवलं. ते सुंदर आहे, मी त्याच्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही. पण आपल्या घरच्या माणसांसाठी तसं जहाज नसतं गं. ले ग्विन गेडला कुठेही पाठवत नाही. जिथे लहानपणी शेळ्या राखल्या त्याच डोंगरावर नेते, आणि तिथून पुढे त्याला खाली घरात आणते, जिथे भांडी घासायची आहेत, लेकरू सांभाळायचंय, लाकडं फोडायचीत. फ्रोडोची जखम बरी होत नाही म्हणून तू रडलीस, मग गेडची नुसती बघायलाही का नकार देतेस? त्याचं जे गेलं ते त्याने जग वाचवण्यातच खर्च केलं होतं. तेच तर तिसऱ्या पुस्तकात वाचून तू मला रात्री साडेअकराला फोन केला होतास.

मान्य करते की पुस्तक मध्ये रेंगाळतं. त्यातला दुष्ट जादूगार मला पुरेसा उभा राहिलेला वाटत नाही, आणि शेवट घाईत उरकलाय हे माझंही मत आहे. त्यावर भांडायला मी तयार आहे, पण तू शेवटपर्यंत आल्यावर. भाजलेल्या मुलीबद्दल एक अक्षर सांगत नाही. एवढंच, की पुस्तकाचं नाव ‘तेहानू’ का, हे तुला अजून माहीत नाही, आणि ते कळेल त्या दिवशी मी तुझ्याशेजारी असायला हवी होते असं वाटतं.

बाबा हल्ली सकाळी आईबरोबर ओट्यावर बसतात. उजव्या हाताने वाटाणे सोलतात, शेंग गुडघ्याने दाबून धरतात. मागच्या रविवारी डेपोतले एक काका आले तर उठले नाहीत. काकांनीही शेंगा ओढून घेतल्या आणि सोलायला लागले. गाडीचा विषय निघाला नाही. पावसाचा निघाला.

माझी ‘तेहानू’ची प्रत पोस्टाने पाठवतेय. तू किंडलवर वाचतेस हे माहीत आहे, तरी. समासात माझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, काही ठिकाणी तुझं नाव आहे, हे आतलं. शेळ्यांच्या पानावर एसटीचं एक जुनं तिकीट घालून ठेवलंय, तिथून सुरू कर. आणि वाचून झाल्यावर फोन करू नकोस, पत्र लिही. मला ते बाबांच्या खाटेशी बसून वाचायचंय.

मुलांना आशीर्वाद, काकूंना नमस्कार सांग.

तुझीच,
चिमी