पूल की घर? सांगलीच्या काउंटरवरच्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या आधी तुमच्याकडं डॉलर घ्यायला विट्याहून एक जोडपं आलं होतं. हातात कापडी पिशवी, आणि तुम्ही दिलेल्या नोटा उभ्या दुमडून बोटांत अडकवायला निघालेला माणूस. तो मी. आता आठवलं असेल. त्या वेळी तुम्ही काचेमागून इतक्या जोरात “काका, थांबा!” म्हणून ओरडलात की बाकावर बसलेलं गिऱ्हाईकही उठून उभं राहिलं.

तुमचं वय माझ्या धाकट्या मुलीएवढं असेल, तरी मी ताईच म्हणणार. एसटीत ३१ वर्षं “ताई, पुढं सरका” म्हणण्यात गेली, आता जीभ वळत नाही. तुमच्या छातीवरच्या पट्टीवरचं नाव मी वाचलं होतं, पण तुम्हाला न विचारता ते इथं लिहिणं बरं दिसत नाही. म्हणून पत्र असं उघडंच लिहितोय. तुमच्यापर्यंत पोचेल कुठून तरी.

खरं सांगायचं तर तुमच्याकडं आलो तेव्हा मी घुश्श्यातच होतो. लेकीनं आणि जावयानं व्हिएतनामची तिकिटं काढली, हॉटेलं बुक केली, वरखर्च आमचा. तो मी बँकेतून रोख काढून आणला होता, सत्तर हजारांवर. आणि तुम्ही म्हणालात, ५०,००० च्या वर रोख घेता येत नाही, खात्यावरून पाठवा. पैसे घेऊन आलेल्या माणसाला पैसे नको म्हणणारं दुकान मी पहिल्यांदा बघितलं. वर पॅन कार्ड, पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, परकीय चलन घ्यायच्या ए-टू फॉर्मवर सही. त्याआधी फोनवर एक जण “बिल नको असेल तर डॉलरमागं दोन रुपये स्वस्त देतो” म्हणाला होता. तेही मी तुम्हाला ऐकवलं. तुम्ही चिडला नाहीत. “काका, तुमच्या गाडीत कुणी म्हणालं, तिकीट नको, निम्मे पैसे घ्या, तर?” एवढंच विचारलंत. मी गप्प बसलो. आमची ही मात्र हसली.

मग बिलावर १८ टक्के जीएसटी दिसला आणि मी पुन्हा उसळलो. सत्तर हजारांवर १८ टक्के म्हणजे साडेबारा हजार! तुम्ही कॅल्क्युलेटर माझ्याकडं फिरवलात. एक लाखापर्यंत रकमेचा एक टक्का धरायचा आणि त्या टक्क्यावर १८ टक्के. झाले १२६ रुपये आणि काही पैसे. हे एका वाक्यात सांगून मोकळं होता आलं असतं, पण तुम्ही आकडे मला दाबायला लावलेत. ज्यानं जन्मभर वेबिल (तिकिटांच्या हिशोबाचा कागद) भरलं त्याला आकडा स्वतः दाबल्याशिवाय पटत नाही, हे तुम्ही कसं ओळखलंत कोण जाणे.

आता त्या नोटांबद्दल. कंडक्टरची नोट उभी दुमडलेली असते. दहाची या बोटात, पन्नासची त्या बोटात. गर्दीत वरची दांडी धरून सुट्टे द्यायचे तर दुसरा मार्ग नाही. तुम्ही ८०० डॉलर मोजून दिलेत, सात शंभराच्या आणि दोन पन्नासच्या नोटा, आणि माझे हात आपोआप कामाला लागले. तुम्ही त्या परत मागून घेतल्यात, सरळ केल्यात, उजेडाला धरून एकेक बघितलीत. एका नोटेच्या कडेला निळ्या शाईची बारीकशी रेघ होती, नखाएवढी. ती बदलून दिलीत. तिकडं पेनाची खूण, चीर, जुनाट घडी असली की नोट नाकारतात नाहीतर भाव पाडतात, आणि लहान डॉलरपेक्षा शंभराला, पन्नासला भाव बरा मिळतो, हे तेव्हा कळलं. आपल्याकडं नोटेवर कुणाचा हिशोब, कुणाचा बदाम, कुणाचा मोबाइल नंबर; चालतंय. तुम्ही जुन्या कॅलेंडरचा जाड पुठ्ठा कापून त्यात नोटा ठेवल्यात आणि वर रबर लावलात. तो पुठ्ठा हनोईपर्यंत गेला आणि परतही आला.

मी तिथलं चलन, डोंगच मागत होतो खरं तर. (हिला आधी ते ‘ढोंग’ ऐकू आलं. “असलं कसलं नाव पैशाला!”) तुम्ही म्हणालात, इथं डोंग क्वचित मिळतो, आणि मिळाला तर भाव पडेल तो. डॉलर न्या, तिथं मोडा. मी फॉरेक्स कार्डाचं विचारलं, तर तेही तुम्ही विकलं नाहीत. कार्डात डॉलर भरायचे आणि खर्च डोंगात करायचा, म्हणजे प्रत्येक वेळी मध्ये थोडं कापलं जाणार, असं स्वतःच सांगितलंत. मागं चार माणसं ताटकळत होती, त्यांतल्या एकानं घड्याळ बघून च्यक् केलं. तरीही तुम्ही मोबाइलवर दोन नोटांचे फोटो काढून आमच्यापुढं धरलेत.

वीस हजार डोंग आणि पाच लाख डोंग. दोन्ही निळ्या, दोन्हींवर हो ची मिन्ह. आपल्याकडं सगळ्या नोटांवर गांधीजी तसंच ते. शून्यं मोजत बसलात तर चुकाल, नोट उलटी करा, म्हणालात. मागं छपराचा पूल दिसला तर वीस हजार. होई आनमधला जपानी पूल तो. झाडीतलं घर दिसलं तर पाच लाख. ते हो ची मिन्ह यांचं गावाकडचं घर. पूल म्हणजे आपले सत्तरच्या आतबाहेर रुपये, घर म्हणजे सतराशेच्या जवळपास. आणि हिशोबाची युक्ती: शेवटची तीन शून्यं बोटानं झाकायची, उरलेल्याला तीननं भागायचं, पुढं एक शून्य लावायचं. आमची ही चौथीपर्यंत शिकलेली. तिनं ते तिथल्या तिथं तीनदा घोकलं. मी म्हटलं, मला काय करायचंय, नोटांतच केस पिकले माझे.

पोचल्यावर हनोईच्या नोई बाई विमानतळावर तुम्ही सांगितल्याप्रमाणं शंभरच डॉलर मोडले, टॅक्सी आणि पहिल्या दिवसाच्या जेवणापुरते. दुसऱ्या दिवशी वाटाड्या पोरगा आम्हाला सोन्याच्या दुकानांच्या गल्लीत घेऊन गेला. इथं भाव चढा मिळतो म्हणाला. आता आम्ही पडलो विट्याकडचे. आमच्या भागातली निम्मी घरं गलाईवर जगलेली, माझा सख्खा मेव्हणा कोइमतूरला सोनं गाळतो. सोन्याच्या दुकानात शिरताना आमच्या माणसाला भीती वाटतच नाही, उलट मामाच्या घरी आल्यासारखं वाटतं. एक पाय उंबऱ्याच्या आत होता माझा. तेवढ्यात तुम्ही सांगितलेला तो व्हिएतनामी वायरमन आठवला. २०१८ साली कॅन थो शहरात परवाना नसलेल्या सोन्याच्या दुकानात शंभर डॉलर मोडले म्हणून त्याला ९ कोटी डोंग दंड ठोठावला होता. पुढं माफ झाला खरा, आणि नियमही नंतर सौम्य झाला. पण त्याच्या देशात त्याची ही गत, तर आमची काय? पाय मागं घेतला. पोरगा जरा नाराज झाला.

बँकेत गेलो. पासपोर्ट दाखवला, ३०० डॉलर दिले, मशीननं फर्रकन नोटा मोजल्या आणि पावतीसकट ७८ लाख डोंग माझ्या पिशवीत. रिटायर झालो तेव्हा सगळं मिळूनही एवढा आकडा बघितला नव्हता. बाहेर येऊन फूटपाथवर उभा राहिलो आणि हिला म्हटलं, चल, आज वाट्टेल ते माग. तिनं शहाळं मागितलं.

तिथंच गंमत झाली. संध्याकाळ, होआन किएम तळ्याचा काठ, पिवळा दिवा, पाणी थोडं हिरवट, माणसांची ही गर्दी. शहाळं वीस हजाराला. मी सवयीनं नोटा बोटांत अडकवल्याच होत्या (डोंगला चालतं हो, मोठ्या नोटा प्लास्टिकच्या असतात) आणि एक निळी नोट काढून पुढं केली. शहाळेवाल्या बाईंनी हात पुढं केला. हिनं मधेच माझं मनगट धरलं आणि नोट उलटी केली.

“अहो, घर आहे!”

पाच लाख देत होतो मी वीस हजाराच्या शहाळ्याला. कदाचित त्या बाईंनी परत केले असते. तोंडावरून सरळ वाटत होत्या. पण ३१ वर्षांत माझी कॅश जेवढ्या वेळा शॉर्ट आली त्या सगळ्या रकमांची बेरीजसुद्धा इतकी होणार नाही. त्यानंतर पाकीट हिच्याकडं गेलं. अजून तिच्याकडंच आहे, इथं विट्यातही.

आपल्या बँकेचं कार्ड एकदाच वापरलं, ‘हा लाँग’ उपसागरातल्या बोटीवर. मशीननं विचारलं, रुपयांत कापू की डोंगात? आपला रुपया बघून बोट तिकडंच वळत होतं, पण तुमचं बजावणं आठवलं आणि डोंग दाबलं. पहाटे मुंबईत उतरलो तेव्हा रिक्षापुरते रुपयेही जवळ होते. ‘जाताना २५,००० पर्यंत नेता येतात, थोडे तरी ठेवा’ हेही तुमचंच.

८०० मधले १५० डॉलर उरले. २,००० पर्यंत घरात ठेवता येतात म्हणालात, पण आम्हाला काय करायचेत. पुढच्या सोमवारी विट्याहून पहिल्या गाडीनं सांगलीला येतोय, तेवढे मोडून द्या. त्याच पुठ्ठ्यात आहेत, एकही दुमडलेली नाही. हिनं तुमच्यासाठी शेंगदाण्याची चटणी केली आहे, आणि एक निळी नोट वेगळी काढून ठेवली आहे, तुमच्या काचेला आतून चिकटवायला. पुढच्या गिऱ्हाइकाला मोबाइलवर फोटो दाखवत बसायला नको.

पुलाचीच आहे. मी दोनदा उलटून बघितली, मग हिनं एकदा बघितली.

तुमचा,
विट्याचा कंडक्टर काका