कॅनडातली गाडी महाग? आधी डॉलर कोणता ते विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या फिरत्या घरांवर, म्हणजे आरव्हीवर, लेख आला होता. सोबत चौकट होती: तोच ट्रेलर, म्हणजे गाडीमागं जोडून न्यायचं घर, अमेरिकेत 40,000 डॉलरला आणि शेजारच्या कॅनडात 55,000 डॉलरला. पाठोपाठ मिरजेच्या एका वाचकांचं पत्र आलं की कॅनडाचं सरकार टॅक्स लावून लोकांना लुटतं, आपल्याकडे पेट्रोलवर चालतं तसंच. माझी सगळी नोकरी सांगलीत गाड्यांच्या शोरूममध्ये हिशेब लिहिण्यात गेली. कोटेशन हातात आलं की खालची बेरीज सोडून वरच्या ओळी वाचायची खोड आहे. त्या खोडीपायी हे पत्र.

चौकटीतले डॉलर दोन वेगळ्या देशांचे आहेत, हे तिथं कुठंच लिहिलेलं नाही. गेली दोन-तीन वर्षं एका अमेरिकी डॉलरला साधारण 1.35 ते 1.40 कॅनेडियन डॉलर पडतात. मधला 1.37 चा भाव धरला तर 40,000 चे होतात 54,800. म्हणजे फरक जवळपास सगळा इथंच मिटला. चौकट करणाऱ्यानं दोन्ही आकड्यांना अमेरिकी डॉलरच्याच भावानं गुणून रुपये काढले, आणि कॅनडावाले बिचारे ठरले! सरकारचा तर अजून संबंधच आलेला नाही.

सरकार येतं त्यानंतर. आपल्याला एमआरपीची सवय. गाडीच्या एक्स-शोरूम किमतीतही जीएसटी आत असतो. तिकडे दोन्ही देशांत पाटीवरच्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो, तो बिलावर चढतो. 54,800 च्या त्या ट्रेलरवर ऑन्टारियो प्रांतात 13 टक्क्यांनी 7,124 डॉलर कर लागतो. अल्बर्टात प्रांताचा विक्रीकरच नाही, केंद्राचा 5 टक्के जीएसटी तेवढा, म्हणजे 2,740. एकाच देशात चार हजारांवर फरक पडला, मग 'कॅनडातली किंमत' म्हणायचं तरी कुठली? अमेरिकेतही हीच गत. मोंटाना आणि ओरेगनमध्ये विक्रीकर नाही, कॅलिफोर्नियात भरपूर आहे. म्हणून मोंटानात कागदोपत्री एक कंपनी काढायची, मोटरहोम (स्वतःचं इंजिन असलेलं फिरतं घर) तिच्या नावावर घ्यायचं आणि राहायचं भलतीकडेच, ही तिकडची जुनी पळवाट आहे. आपल्याकडे महागड्या गाड्यांना पुद्दुचेरीचं पासिंग का असायचं, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

मिरजेच्या वाचकांचा कराचा मुद्दा मी खोडून काढत नाही. पण सगळं खापर करावर फोडलं की बाकीचे सुटतात, आणि ते बाकीचेच मला जास्त महत्त्वाचे वाटतात.

आमचे जावई अल्बर्टातल्या कॅलगरीजवळ राहतात. त्यांनी ट्रेलर बघायला सुरुवात केली तेव्हा डीलरचं कोटेशन मला व्हॉट्सअॅपवर पाठवलं. छापील किंमत, तिच्याखाली फ्रेट म्हणजे वाहतुकीचे पैसे, तिच्याखाली पीडीआय म्हणजे गाडी हाती देण्याआधीच्या तपासणीचे पैसे, मग कागदपत्रांची फी, टायरच्या विल्हेवाटीचे पैसे, आणि सगळ्यात शेवटी जीएसटी. आपल्याकडच्या 'हँडलिंग चार्जेस'ची आठवण झाली. त्यातली फ्रेटची ओळ मात्र खोटी म्हणता येत नाही. उत्तर अमेरिकेतल्या बहुतेक आरव्ही अमेरिकेच्या इंडियाना राज्यात, एल्खार्ट आणि आसपासच्या गावांत बनतात. तिथून कॅलगरी अडीच-तीन हजार किलोमीटर. मोटारी एका मोठ्या ट्रकवर आठ-आठ चढवून नेता येतात. फिरतं घर सहसा एका पिकअपमागं एकच जोडून, एक ड्रायव्हर देऊन न्यावं लागतं. आत सामान काही नाही, नुसती हवा. तेवढ्या अंतराचं डिझेल, ड्रायव्हरचा पगार आणि परतीची रिकामी खेप, सगळं त्या एका घराच्या बोकांडी. एल्खार्टशेजारच्या गिऱ्हाइकाला यातलं काहीच लागत नाही.

मग कॅनडानं स्वतः का बनवू नयेत? बनवतं की. मॅनिटोबातल्या विंकलर गावात मोटरहोम बनतात, सस्कटूनला कॅम्परव्हॅन बनतात, आणि अमेरिकेतही विकल्या जातात. पण खालची चॅसी, म्हणजे इंजिन-चाकांसकटचा सांगाडा, येते फोर्ड, मर्सिडीज अशांची, बाहेरून. गाडीतली सर्वांत महाग वस्तूच परक्या चलनात घ्यायची म्हटल्यावर घरच्या माणसाला ती स्वस्तात कशी मिळणार?

शिवाय कॅनडाची लोकसंख्या 4 कोटींच्या आसपास, अमेरिकेची 34 कोटींच्या, म्हणजे गिऱ्हाईकच थोडं. अमेरिकेत ज्या आरव्हीत झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय आहे, ती आयकरात दुसरं घर धरता येते आणि कर्जाच्या व्याजाची वजावट मिळू शकते. कॅनडात स्वतःच्या राहत्या घराच्या व्याजालाही अशी वजावट नाही. गॅस, वीज आणि नळाच्या जोडण्या कॅनडाच्या सीएसए मानकांनुसार लागतात. थंडी लांबलचक, त्यामुळे डीलरचा धंदा वर्षातले मोजकेच महिने आणि उरलेले महिने उभ्या मालावर व्याज. ही सगळी कारणं खरी आहेत. पण शोरूममध्ये बसलेल्या माणसाला हेही माहीत असतं की खरी कारणं पुढं करून त्यांच्या आडून थोडा जास्तीचा भाव लावता येतो.

याचा पुरावा 2007 साली मिळाला. त्या सप्टेंबरात कॅनडाचा डॉलर 1976 नंतर पहिल्यांदाच अमेरिकी डॉलरच्या बरोबरीला आला आणि नोव्हेंबरात काही काळ त्याच्याही वर, 1.10 अमेरिकी डॉलरपर्यंत गेला. हिशेबानं गाड्यांच्या किमती धडाधड उतरायला हव्या होत्या. तशा उतरल्या नाहीत. यार्डातला माल जुन्या भावानं घेतलेला, हे डीलरचं म्हणणं काही महिने पटण्यासारखं होतं. नंतर लोक चिडले आणि सीमा ओलांडून अमेरिकेतून गाड्या आणू लागले. तेव्हा काही मोटार कंपन्यांनी आपल्या अमेरिकी डीलरांना कॅनेडियन गिऱ्हाइकाला नवी गाडी देऊ नका म्हणून बजावलं, काहींनी वॉरंटीचा हात आखडता घेतला. वाहतूक, थंडी, मानकं एवढंच कारण असतं तर ही कुंपणं घालायची गरजच काय होती?

कॅनडाच्या सिनेटच्या अर्थविषयक समितीनं फेब्रुवारी 2013 मध्ये दोन देशांतल्या किमतींच्या तफावतीवर अहवाल दिला. तो आरव्हीपुरता नव्हता, सगळ्याच मालावर होता. एकच एक कारण समितीला सांगता आलं नाही, पण उत्पादक प्रत्येक देशासाठी वेगळा भाव ठरवतात, हे त्यात आलं. आपल्या मार्केट यार्डातली राजापुरी हळद आठवा. तिचा भाव शेतकऱ्याच्या खर्चावर ठरत नाही, सौद्याला कोण उभं आहे त्यावर ठरतो. 2013 सालीच कॅनडाच्या सरकारनं लहान मुलांच्या कपड्यांवरचं आणि काही खेळसाहित्यावरचं आयातशुल्क काढलं. पुढं डिसेंबर 2014 मध्ये असल्या दरफरकाची चौकशी करण्यासाठी विधेयकही आणलं, पण 2015 च्या निवडणुकीआधी संसद विसर्जित झाली आणि ते बारगळलं. लुटारू म्हटलं गेलेलं सरकार निदान विचारायला तरी निघालं होतं.

जावयांना मी सुचवलं होतं, अमेरिकेतून आणा. अमेरिकेत बनलेल्या गाडीवर व्यापार करारामुळं 2025 च्या आधी आयातशुल्क पडत नव्हतं. पण सीमेवर जीएसटी भरावाच लागतो, आयात वाहनांच्या नोंदणीची फी आणि तपासणी असते, कंपनीनं दुरुस्तीसाठी परत मागवलेल्यांत ती गाडी नाही याचं पत्र लागतं, आणि मोटरहोम असेल तर त्यातल्या एसीचे वर शंभर डॉलर. शिवाय वॉरंटीचं काम निघालं तर बऱ्याचदा ज्याच्याकडून घेतलं त्याच्याच दारात, हजारो किलोमीटरवर. त्यांनी गावातल्याच डीलरकडे घासाघीस करून फ्रेटमध्ये सूट मिळवली. माझ्या मते शहाणपणाचं केलं.

आता आपल्याकडचं. म्हैसाळ ओलांडलं की कागवाड, तिथून कर्नाटक. गाडी तीच, जीएसटी तोच, कारखान्याचा भाव जवळपास तोच. 12 लाखांची पेट्रोल गाडी स्वतःच्या नावावर सांगलीत पासिंग केली तर 12 टक्क्यांनी 1,44,000 रुपये रोड टॅक्स. कर्नाटकात त्याच गाडीला 17 टक्के, म्हणजे 2,04,000, आणि त्या करावर पुन्हा उपकर. अथणी-उगारची गिऱ्हाइकं आमच्या काउंटरवर हळूच विचारायची, "एमएच-10 वर होईल का?" आम्ही पत्त्याचा पुरावा मागितला की उठून जायची. दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांहून जास्त गाडी ठेवली तर तिथला नंबर घ्यायचा असा कायदा आहे, तो किती पाळला जातो ते मिरज-कागवाड रस्त्यावर उभं राहिलं की दिसतं. इथं फरक सगळाच्या सगळा सरकारी आहे. तेव्हा मिरजेच्या वाचकांची तक्रार कागवाडच्या माणसानं केली असती तर मी खाली सही केली असती. ती ऑन्टारियोला लागू होत नाही, एवढंच.

आपल्याला एक विनंती. परदेशी किमतीची चौकट पुन्हा छापाल तेव्हा आकड्यापुढं तीन गोष्टी द्याव्यात: कोणता डॉलर, विक्रीकर धरून की सोडून, आणि फ्रेट कोणाच्या माथी. जागा कमी पडत असेल तर रुपयांचा रकाना काढून टाकला तरी चालेल, चूक त्यातच झाली होती.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस,
विश्रामबाग, सांगली